दुसरा वडा

उरलेला वडा दुसऱ्या दिवशी रश्शात बुडवला तरी खाणाऱ्याला कळतं की हा कालचा आहे.

पन्नास वर्षांनी माणसाला पाणी थेंबाने मिळेल.

माथेरानचा घोडा चढणीला मान वर करत नाही.

"आई रडली नाही तर सिनेमा कसला," असं शैला साने म्हणतात.

ज्या टेकडीला कागदावर नाव नसतं, ती चित्रात हिरवी रंगवतात.

तिसऱ्या पंख्याखाली कुणी बसत नाही. तो खडखडतो.

यातल्या घोड्याचा विष्णू ओकांशी काही संबंध नाही. बाकी सगळ्याचा आहे.

कर्जतला दहिवलीच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे. लग्नाची तिथी नसलेला एखादा रविवार बघून त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला चित्रपट मंडळ भरतं. माणसं तीसेक, बहुतेक निवृत्त, आणि उरलेली निवृत्त झाल्यासारखी. त्यातल्या बाराजणांना वर्षातून एकेक पाळी; ज्याची पाळी त्याने सिनेमा सुचवायचा, आणि ज्याने सुचवला त्यानेच सगळ्यांना वडे घालायचे. पहिला वडा सिनेमाच्या आधी, तो सगळ्यांना. दुसरा सिनेमा संपल्यावर, आणि तो ज्याला सिनेमा आवडला त्यानेच उचलायचा. मंडळात मत द्यायची हीच रीत. भाषण नाही, हात वर करणं नाही. परातीत निम्म्याहून जास्त वडे उरले की सिनेमा पडला, आणि ते वडे सुचवणाऱ्याने पिशवीत भरून घरी न्यायचे. असं तीनदा झालं की त्याची पाळी कायमची गेली. मग त्याने नुसतं येऊन बसायचं आणि इतरांनी सुचवलेलं मुकाट पाहायचं.

विष्णू ओकांचं असं दोनदा झालं होतं.

खोपोलीच्या एका कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ओकांनी एकच विषय धरला होता: भविष्यातलं जग, आणि ते जितकं भिकार तितकं चांगलं. त्यांनी सुचवलेल्या पहिल्या सिनेमात माणसं जमिनीखाली राहून बुरशीचा लगदा खात होती. तो संपल्यावर कुणीतरी विचारलं की हे लोक उपासाला काय खात असतील. दुसऱ्यात हसायला बंदी होती. तो पावणेतीन तासांचा, खाली बारीक इंग्रजी अक्षरं, आणि अर्ध्यातच सात-आठ जण खाली कुणाची तरी मुंज होती तिथे जेवायला गेले. त्या दिवशीचे वडे ओकांच्या घरी दोन दिवस पुरले. सून सईने पिशवी ओट्यावर रिकामी केली. तिने रस्सा केला, त्यात वडे सोडले, आणि वाढताना एवढंच म्हणाली की बाबा, या वेळी जरा हसरं काहीतरी सुचवा ना.

ओकांना सुनेची कीव आली. त्यांना सगळ्यांचीच येत असे. या लोकांना शेवटी सगळं कुटुंब एका ताटात जेवताना दिसलं पाहिजे. कुत्रा परत आला पाहिजे. शैला साने दरवर्षी असंच काहीतरी सुचवत आणि परात घासल्यासारखी रिकामी होई. बाई चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि जग अजून त्यांना गोल आणि गोडच वाटत होतं, असं ओक म्हणत. स्वतः शैलाताई मात्र दुसरा वडा कधी खात नसत, स्वतःच्या सिनेमालाही नाही. पित्त होतं म्हणत.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ओक ती स्वतः कधी सांगणार नाहीत. त्यांनी सुचवलेले सिनेमे त्यांनी पाहिलेले नसत. ते याद्या वाचत. "दशकातले सर्वांत अस्वस्थ करणारे भविष्यपट" अशा. शिवाय दोन-तीन परीक्षणं. एवढ्यावर त्यांना सिनेमा कळे. प्रत्यक्ष पाहायला बसलं की मात्र त्यांना झोप यायची, हे त्यांनी स्वतःलाही नीटसं सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्यांना जागं करणं हे त्यांचं काम होतं, स्वतः जागं राहणं नव्हे.

पण पाळी गेली तर काय उरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिनेमा सुचवला की पुढचे पंधरा दिवस बाजारात चार माणसं थांबवायची, शिव्या द्यायला का होईना. बाकी वर्षभर त्यांना कुणी थांबवत नसे.

म्हणून तिसऱ्या वेळेला त्यांनी कधी नव्हे ती तडजोड केली. एका यादीच्या तळातून त्यांनी पाऊण तासाचा सिनेमा शोधला. संवाद एकही नाही, म्हणजे खालच्या अक्षरांची कटकट नाही. भविष्यातलं एक नगर, इतकं नीटनेटकं की अंगावर काटा यावा. परीक्षण लिहिणाऱ्याने "निर्जंतुक भय" असा शब्द वापरला होता. ओकांनी तो आदल्या आठवड्यात सहा जणांना ऐकवला.

कार्यालयाचा प्रोजेक्टर तेव्हा बिघडलेला होता. ओकांचा पुतण्या वरद कुंभिवलीजवळच्या एका गृहप्रकल्पाच्या साइट ऑफिसात कामाला होता. तिथला प्रोजेक्टर तो घेऊन आला. ऑफिसच्याच पेन-ड्राइव्हवर त्याने काकांचा सिनेमा उतरवून आणला होता. त्याने वायर जोडली, पडद्यावर उजेड पडल्याचं पाहिलं आणि गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून जिन्यात गेला. लोक अजून पहिला वडा खात होते, खुर्च्या सरकत होत्या. सुरुवातीची अक्षरं कुणी वाचली नाहीत.

पडद्यावर पहाट झाली. आकाशातून खाली उतरत कॅमेरा एका उंच भिंतीवरून आत गेला. आत सारखी घरं, सारखी झाडं, सारख्याच उंचीचं गवत. फाटकावर एक बाई गाडीतून हात काढून कार्ड दाखवते, फाटक उघडतं. प्रत्येक खांबावर कॅमेरा. एकाही गॅलरीत कपडे वाळत नाहीत. मुलं खेळतात, पण आवाज नाही, नुसतं संथ पियानो. मधोमध एक तळं, त्यात एकही माणूस नाही, म्हैस नाही, काठावर पांढऱ्या खुर्च्या.

ओक खुर्चीच्या टोकाला येऊन बसले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी मोबाइल काढला नव्हता. कुणी उठलं नव्हतं. तिसऱ्या पंख्याखालीही दोघं बसली होती.

मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी उठून, हलक्या आवाजात, अर्थ सांगायला सुरुवात केली. भिंत बघा, म्हणाले, ती बाहेरच्यांसाठी नाही, आतल्यांसाठी आहे. तो हसणारा म्हातारा बघा, त्याच्या हातात मापाचा ग्लास आहे, पाणी थेंबाने मिळतंय. तो ग्लास सरबताचा होता, पण अर्थ एकदा लागायला लागला की थांबत नाही. लोक माना डोलावत होते. ओकांना वाटलं, शेवटी यांच्याही डोक्यात उजेड पडला. यांना आधी पाऊण तासाचे तुकडे घालायला हवे होते.

वडे तळायला ललिता येत असे. तिचं सासर कर्जतजवळ, माहेर कुंभिवलीच्या वरच्या वाडीचं. दुसऱ्या घाण्याची परात घेऊन ती दारात आली तेव्हा पडद्यावर तळं होतं, आणि तळ्यामागे एक टेकडी, एका अंगाने कापल्यासारखी. ललिता परात तशीच धरून उभी राहिली.

"ही टेकडी आमची हाय," ती म्हणाली. मग हनुवटीने दाखवत, "आयचं घर त्या तळ्यात येतं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ओक खूश झाले. त्यांनी ललिताकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की खरा सिनेमा असाच असतो, प्रत्येकाला त्यात आपलं गाव बुडालेलं दिसतं. कुणीतरी वा म्हणालं. ललिताने परात टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिली.

पाऊण तास व्हायच्या कितीतरी आधी पियानो थांबला. टेकडीवर मावळतीचा सूर्य आला आणि त्याच्यावर सोनेरी अक्षरांत एक फोन नंबर, त्याखाली मराठीत: पहिल्या पन्नास ग्राहकांना क्लबचं सभासदत्व मोफत.

हा सिनेमा नव्हता. हे वरदचं ऑफिस होतं.

दिवे लागले. ओकांना परात दिसत होती, भरलेली, वाफाळती. त्यांना रस्सा दिसला. सई दिसली. पुढचं सगळं आयुष्य खुर्चीत बसून रडणाऱ्या आया बघण्यात जाणार, हेही दिसलं.

शैला साने उठल्या. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "विष्णुपंत, हे सगळं घडतं कुठे?"

"कुठेही नाही," ओक म्हणाले. "तेच तर भय आहे."

"आणि तो शेवटचा नंबर?"

ओकांनी श्वास घेतला. "उपरोध आहे तो, शैलाताई. भविष्य इतकं सडलंय की ते विकायला काढलंय. दिग्दर्शक आपल्यालाच गिऱ्हाईक म्हणतोय. मुद्दाम आपल्या भाषेत."

शैलाताईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "सुंदर," त्या म्हणाल्या. "इतकं भयंकर जग मी आजवर पाहिलं नाही." आणि टेबलाशी जाऊन त्यांनी दुसरा वडा उचलला. चटणी लावून, सगळ्यांसमोर, पूर्ण खाल्ला.

मग बाकीचे उठले. पित्तवाल्या शैलाताई खातात म्हटल्यावर कुणाची शामत होती मागे राहायची. बँकेतून निवृत्त झालेल्या एकाने तर तो उपरोधाचा नंबर कागदावर लिहून घेतला, नातवाला दाखवायला म्हणून. निर्जंतुक भय, असं एकजण दुसऱ्याला तोंडात वडा धरून सांगत होता. ओक त्या गर्दीकडे बघत उभे होते आणि त्यांच्या मनात कृतज्ञता नव्हती. यांना जाहिरात दाखवली तरी चालते, त्यांना वाटलं. यांना काहीही दाखवावं. आणि सगळ्यांत मोठी मेंढी ही भूगोलवाली, जिला नकाशा दाखवला तरी आपला तालुका ओळखता येत नाही.

वरद जिन्यातून धावत आला. पडदा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काका, चुकून आमची ती..."

"गप्प बस," ओक म्हणाले. "वडा खा."

वरदने वडा खाल्ला. तो वायर गुंडाळायला खाली वाकला तेव्हा ललिता त्याच्याजवळ गेली. तिने विचारलं ते हळू विचारलं, पण ओक जवळच होते.

"तळं खरंच होनार काय, दादा?"

वरदने वायरीकडे बघत सांगितलं की वर्षभर तरी नाही.

ललिताने मान हलवली. आईला फोन लावायचा म्हणून ती कढई तशीच सोडून गॅलरीत गेली, आणि आतल्यांना ऐकू आलं की वाडीत रेंज नाही लागत. ओकांना वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, कारण आजच्या सिनेमाचा अर्थ त्यांनीच सांगितला होता. मग त्यांनी परातीत पाहिलं. तिच्यात तेलाचे डाग आणि एक तुटकी मिरची, एवढंच उरलं होतं. पुढल्या वर्षीची पाळी त्यांची होती. त्यांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, आणि जिना उतरताना दोघांनी त्यांना थांबवलं.

शैला साने यांनी कुंभिवलीच्या त्या प्रकल्पात पाडव्यालाच प्लॉट घेतला होता, तळ्याच्या काठचा.