ब्रदर तिबुर्सियोंचे झिजलेले बूट

काल्यापाता गावच्या संग्रहालयापुढे सकाळपासून रांग लागली होती, ती थेट चौकापर्यंत. अनवाणी संन्याशांच्या संघाचा हा जुना मठ. आत त्यांच्या ठिगळांच्या कफन्या होत्या, घंटा होत्या, हाताने लिहिलेली भजनांची पुस्तकं होती. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सगळ्यांना शेवटच्या दालनात जायचं होतं, याच संघातल्या, केव्हाच वारलेल्या ब्रदर तिबुर्सियोंच्या लाकडी मूर्तीपाशी.

संग्रहालय दाखवणाऱ्या फाब्रिसियानोने काचेचं कपाट उघडलं आणि मूर्तीच्या पायांतले बूट काढून उलटे धरले. मागच्या शुक्रवारी भक्तांनी घातलेले कोरे बूट, तळ पार झिजलेले.

"बघा लेकरांनो," तो म्हणाला, "आपण घोरत होतो आणि हा म्हातारा आजाऱ्यांच्या दारोदार डोंगर तुडवत होता."

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एका बुटाच्या तळाचं चामडं खरवडून तो भुकटीच्या पुड्या बांधू लागला. पाण्यातून घेतली की कुठलाही आजार बरा.

रांगेत नेलिदा उभी होती, कडेवर पाच वर्षांचा एल्मेर. तिची थोरली मुलगी यादिरा एउदोसियाबाईंना हाताला धरून घेऊन आली. बाई गावच्या निवृत्त शिक्षिका. नेलिदालाही त्यांनीच अक्षरं शिकवली होती.

"एल्मेरच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यास म्हणे?" बाईंनी विचारलं.

"भुकटीबरोबर गोळी चालत नाही, बाई. ब्रदर रुसतात."

"आणि परवाचा झटका? त्यानंतर पोर एक शब्द बोललेलं नाही."

नेलिदाने मान खाली घातली. "जाता जाता आजार जोर करतोच, असं फाब्रिसियानो सांगतो."

रागावलं तर ही आणखी हटून बसेल, हे बाईंना ठाऊक होतं. त्या यादिराकडे वळल्या. "तुझा बूट काढ. तळ कुठे झिजलाय?"

"टाचेला. आणि पुढे, चवड्याखाली."

"मध्ये?"

"मध्ये नाही. तिथे खोलगट आहे ना, जमिनीला लागतच नाही."

"आता ब्रदरांचा बघ."

यादिराने अजून न खरवडलेला दुसरा बूट निरखला. "हा मध्येही झिजलाय. आणि रेघा सगळ्या एकाच दिशेला."

"अगं शहाणे, लाकडाचा पाय तो," मागून एक काका म्हणाले. "तुझ्यासारखा वाकतोय थोडाच?"

लोक हसले.

"नसू दे वाकत," यादिरा म्हणाली. "ताठ पाय टाकला तरी टाच नि चवडाच टेकणार ना, काका? तुमचाच बघा."

काकांनी भिंतीला धरून आपला बूट वर केला. मग शेजारणीने, मग तिच्या नवऱ्याने. पाहता पाहता अर्धी रांग एका पायावर उभी राहिली. आता कोणी हसत नव्हतं.

"श्रद्धेचे असे तळ तपासायचे नसतात," फाब्रिसियानो पुटपुटला.

"बरं," बाई म्हणाल्या, "जन्मभर पायात काही न घालायचं या संन्याशांचं व्रत होतं, हे पहिल्या दालनात तूच सांगतोस. मग यांना बूट चढवले कोणी?"

फाब्रिसियानो बूट पुन्हा कपाटात ठेवू लागला. तेवढ्यात त्या रेघांवरून संशय आलेले काका मागच्या अंगणात जाऊन आले. "तिथल्या सुऱ्यांना धार लावायच्या दगडावर काळ्या चामड्याचा थर बसलाय," त्यांनी सांगितलं. "बूट त्यावरच घासलेत."

फाब्रिसियानो बाकावर बसला. "कोणी फिरकत नव्हतं, बाई. संग्रहालय बंद पडलं असतं."

काहीजण खाली पाहत निघून गेले. एक म्हातारी मात्र बाईंकडे रागाने बघत आपली पुडी पदराखाली घेऊन गेली.

नेलिदा रांगेतून बाहेर आली. "गोळ्या परत सुरू केल्या तर तो बोलेल, बाई?"

"ते मला ठाऊक नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

दवाखान्याच्या चढावर बाईंना धाप लागली, तरी त्या बोलत राहिल्या. "ब्रदरांनी महारोग्यांच्या जखमा धुतल्या. मानायचं तर त्यासाठी मान. पण कोणी चमत्कार दाखवला, तर आधी तो हातात घे, उलटसुलट करून बघ, प्रश्न विचार. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराचं औषध कधी बंद करू नकोस."

एल्मेरला उराशी आवळून नेलिदा बाईंच्या पुढे भराभरा चालू लागली.