फाइल परत आणणारे महाराज

या, असे जवळ सरका. भजनाला बसायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. हिच्यात रंग नाही चढणार, अंगावर काटा येईल.

दवाखान्याच्या नोंदणीखोलीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. सकाळी वीज गेली आणि संगणक चालता चालता बंद पडला. कोणत्या पेशंटला कोणतं रक्त चढवायचं, कोणाला काय सोसत नाही, तो सगळा तक्ता त्यात. वीज परतली, पण संगणकाला हात लावायची कोणाची छाती होईना. संगणकापुढच्या खुर्चीत, गेलेली फाइल परत आणायला बोलावलेले महाराज बसले होते.

"डोळे मिटा!" ते गरजले. "फाइल पाताळात गेलीय. मी हाक मारतो. जो डोळे उघडेल तो तिच्या मागोमाग जाईल!"

धूप, घंटा, कसलीशी पुटपुट. "उघडा!"

पडद्यावर तक्ता हजर! नोंदी ठेवणाऱ्या ताईंना रडूच फुटलं. "महाराज, याची एक प्रत दुसरीकडे ठेवू का?"

"प्रत? म्हणजे माझ्यावर अविश्वास! ठेवून बघा, पुन्हा हाक मारणार नाही."

ताईंनी कान पकडले.

दाराशी चाकांच्या खुर्चीत चिमी बसली होती, रक्त चढवून घ्यायला आलेली. सिस्टरनी तक्ता पाहून पिशवी आणली.

"अहो, ही साधी पिशवी," चिमीची आई म्हणाली. "मागच्या खेपेला साध्या रक्ताने हिला धाप लागली, ओठ निळे पडले. तांबड्या पेशी धुऊन तयार केलेलं, ते धुतलेलं रक्तच द्या, असं डॉक्टरबाईंनी सकाळीच लिहायला सांगितलं ना?"

"इथे तसं काही नाही, बाई."

"महाराजांनी सगळं आणलंय," ताई म्हणाल्या. "तुम्हीच चुकीचं ऐकलं असेल."

सिस्टर शीर शोधू लागल्या. चिमीने हात मागे ओढला.

"त्यांनी काही आणलं नाही. मी डोळे मिटलेच नव्हते. पडद्यावर डावीकडे फाइलचं नाव दिसत होतं, त्यावर त्यांनी नुसतं क्लिक केलं."

"कार्टे! आता बघ तुझं काय होतं!" महाराज ओरडले.

"आजारी तर आहेच," चिमी म्हणाली. "अजून काय करणार?"

गलका ऐकून डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आधी पिशवी बाजूला ठेवायला लावली. मग तक्त्यात चिमीची ओळ स्वतः लिहिली आणि सेव्ह न करताच संगणकाची वायर उपटली. पुन्हा चालू केल्यावर डावीकडे तेच नाव. चिमीने क्लिक केलं. ना धूप ना घंटा, तक्ता आला. पण चिमीची ओळ नव्हती.

"हा प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने आपोआप एक कच्ची प्रत ठेवतो," बाई म्हणाल्या. "परत येते ती तीच. त्यानंतर लिहिलेलं सेव्ह केलं नसेल, तर ते गेलं. उद्या हा डबाच जळाला, तर कच्ची प्रतही जाईल. आजपासून सेव्ह क्षणोक्षणी आपोआप होईल. रोज एक प्रत दुसऱ्या इमारतीत जाईल, आणि ती उघडते का, हेही बघायचं."

महाराज चपला हातात घेऊन कधीच सटकले होते.

"बाई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "मागेही वीज गेली होती. तेव्हाही महाराजांनीच फाइल आणली. त्या वेळी कोणाची ओळ गेली?"

ताईंनी वॉर्डाकडे पाहिलं. "खिडकीजवळचे आजोबा," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सोसत नाही, ते मी त्याच दिवशी लिहिलं होतं."

खिडकीजवळची ती खाट तेव्हापासून रिकामी होती.

मंडळी, देव मीही मानतो. पण त्याने दिलेली बुद्धी मिटून ठेवायची नसते. काम सेव्ह करा, प्रत दुसरीकडे ठेवा, परत आलेलं तपासल्याशिवाय मान डोलवू नका. आणि त्या आजोबांची तेवढी आठवण असू द्या.