कुणीतरी हॅटीला घाबरा

हॅलोविनच्या दिवशी भुतांनीसुद्धा एकमेकांत सहा फुटांचं अंतर राखावं, हा ठराव हेमलॉक स्ट्रीटच्या समितीने एकमताने संमत केला. मांडणारी होती कॉरिन. दारोदार खाऊ मागत येणाऱ्या पोरांच्या हातात चॉकलेटं द्यायची नाहीत; व्हरांड्याच्या कठड्याला पन्हाळीचा पाइप तिरका बांधायचा, वरून पुडी सोडायची, खाली पोराने पिशवी धरायची. पुड्या तीन दिवस आधी भरून ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यावर काही बसलं असेलच तर तेही कंटाळून मरेल. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्याच्या हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही. दोघातिघांनी तर अंगणात सजावटीला टांगलेल्या सांगाड्यांनाही मास्क लावले होते. त्या बिचाऱ्यांना आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं, कोण जाणे!

बंदोबस्त चोख होता. फक्त हॅटीला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

हॅटी ही कॉरिनची साडेपाच वर्षांची लेक. मार्चमध्ये साथ आली तेव्हापासून सगळं जग तिला भीती घालत होतं. हे धरू नकोस, ते चाटू नकोस, तिच्याजवळ जाऊ नकोस. मैत्रिणी संगणकाच्या पडद्यात जाऊन बसल्या होत्या आणि आजी यायची ती खिडकीबाहेरूनच हात हलवून जायची. आता एक दिवस, एकच दिवस, हॅटीला कुणाला तरी घाबरवायचं होतं. म्हणून तिने परीचा झगा नाकारला, वाघ नाकारला, आणि जुन्या चादरीला दोन भोकं पाडून घेऊन ती भूत झाली.

"आई, कुणीतरी खरंच घाबरेल ना?"

"बघच तू. चळाचळा कापतील," कॉरिन म्हणाली. आईने असलं वचन देऊ नये. पण चादरीच्या भोकांतून ते दोन डोळे तसे बघत असले, की दिलं जातं.

अंधारून यायच्या आत दोघी निघाल्या. समोरून एक प्राध्यापक आणि त्यांची बायको कुत्र्याला फिरवत येत होती. भूत दिसताच दोघं कुत्र्यासकट पदपथावरून खाली उतरली आणि रस्त्याच्या पार पलीकडे गेली.

"बघ, कसे पळाले!" कॉरिन कुजबुजली.

"आई," हॅटी म्हणाली, "ते तर रोजच पळतात."

कॉरिनने तिचा हात धरला आणि ती पहिल्या घराकडे वळली.

पहिल्या घरी हॅटीने पाइपच्या तोंडाशी तोंड नेलं आणि "भॉक!" केलं. वरून पुडी घरंगळत आली आणि मागोमाग आवाज, "बरं हं राजा, आता पुढच्याला येऊ दे." दुसऱ्या घरी तिने हॅलोविनच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "खाऊ देता की खोड काढू?" काचेआडच्या बाईंनी गालाला हात लावला. "अगंबाई, किती गोड भूत!"

हॅटी चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर चादरीतून नाक ओढल्याचा आवाज आला.

"गोड म्हणाली ती मला."

"अगं, ती घाबरूनच तसं म्हणाली."

"उगाच काहीतरी सांगू नकोस."

कोपऱ्यावरचं घर कॉलेजच्या पोरांनी भाड्याने घेतलेलं. दोन आठवड्यांपूर्वी तिथे व्हरांडा मोडेल एवढी गर्दी, बिअर आणि नाचगाणी चालली होती. मास्क एकाच्या तोंडाला असेल तर शपथ. कॉलेजला फोन केला तो कॉरिनने. पुढे त्यांच्यातलीच एक मुलगी तापाने पडली आणि सगळं बिऱ्हाड घरात कोंडलं गेलं, तेव्हा "भोगा म्हणावं आता," असं समितीत म्हणणारीही तीच. आज तिथल्या व्हरांड्यात दिवा नव्हता. दिवा नाही म्हणजे येऊ नका, हे या गावात रांगतं पोरही जाणतं. पण पुढच्या खिडकीत एक दाढीवाला दांडगा मुलगा बसून वाडग्यातून दूध-कॉर्नफ्लेक्स खात होता.

हॅटीने हात सोडवला आणि हिरवळीवरून सुसाट निघाली.

"हॅटी! मागे ये! त्या घरी नाही जायचं!"

भूत काचेपाशी पोचलं होतं. दोन्ही हात वर. "भॉक!"

दाढीवाल्याचा चमचा तोंडापाशी थांबला. त्याने भुताकडे नीट पाहिलं. मग वाडगा उडाला, खुर्ची कलंडली आणि वर नुसते दोन मोजे दिसायला लागले. थोड्या वेळाने खिडकीच्या काठावर दोन डोळे उगवले.

"भॉक!"

डोळे मावळले. "अरे धावा! भूत आलंय, भूत!"

"गप रे, रिकामटेकड्या," म्हणत दुसरी एक मुलगी आली, आणि काचेकडे बघून तिने अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या घराचा पडदा हलला.

समितीचे ऑस्ट्रँडर गस्तीवर होते. चकाकतं जॅकेट घालून ते सहा फुटांवर येऊन उभे राहिले. "कॉरिन, अगं, आजाऱ्याच्या हिरवळीवर? नियम कुणाचा गं हा?"

"माझाच."

"मग?"

"खिडकी बंद, दार बंद. अख्ख्या गल्लीत इतकं सुरक्षित घर दुसरं नाही. दोन मिनिटं थांबा ना हो. तिला कुणीतरी घाबरतंय."

ऑस्ट्रँडरांनी मान वाकडी करून पाहिलं. "तो दाढीवाला जरा जास्तच करतोय," ते म्हणाले. पण हलले नाहीत.

आत दाढीवाल्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "मार्गो, तुला जमेल का गं?"

रजई गुंडाळलेली एक बारीकशी मुलगी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली. इतरांनी तिला वाट करून देत भिंतीशी अंग चोरलं. तापाची हीच, हे कॉरिनला कुणी सांगायला नको होतं. आता पुरे, असं ओरडावंसं तिला वाटलं. पण भुताने तोवर पुन्हा दोन्ही हात वर केले होते.

"भॉक!"

मार्गोने छातीवर हात ठेवला. शेजारची खुर्ची बाजूला सारली. खुर्चीत पडणं म्हणजे काही घाबरणं नव्हे. मग हळूहळू, आधी गुडघे, मग कोपर, अशी ती जमिनीवर कोसळली. काचेतून खोकला ऐकू आला.

हॅटी वळली. "आई, ही मेली!"

"नाही गं बाळा. घाबरली."

"खरंच?"

"खरंच."

कॉरिन हिरवळीवर चार पावलं पुढे गेली आणि मास्कमधून मोठ्याने म्हणाली, "पोरांनो, काही हवंय का तुम्हाला? सूप करून दारात ठेवू?"

दाढीवाला उशीची ढाल करून टेबलाआडून ओरडला, "बाई, सुपाचं मागाहून बघू! आधी ते भूत आवरा!"

"नाही आवरणार!" हॅटी म्हणाली, आणि चादर सावरून पुन्हा काचेवर चाल करून गेली.