पाळण्याची करकर

संध्याकाळपर्यंत तो आवाज पोचला नाही, तर विजयमाला मॅडम दुसऱ्या कुणाला काम देणार होत्या. तसं त्यांनी फोनवर सरळच सांगितलं होतं. त्या पुण्यात बसून आपला पहिला सिनेमा करतात, अन् मी इथं ताडकळसला, जोंधळ्याच्या कणगीशेजारी लॅपटॉप मांडून, माझा तान्हा महालिंग झोपला की संगीत करते. पेटी नाही, तबला नाही. आवाज पकडायचे, ताणायचे, एकावर एक चढवायचे. सिनेमाचं काम मिळावं म्हणून लग्नाआधीपासून किती जणांना नमुने पाठवले असतील! ‘ऐकून कळवतो’च्या पुढं कुणी गेलं नाही.

विजयमाला मॅडम तेवढ्या पुढं गेल्या, पण त्याही माझ्या संगीतामुळं नाही. त्यांच्याशी बोलताना मी पाळण्याची दोरी ओढत होते, तर त्यांनी मधेच थांबवलं.

“मागं काय करकरतंय?”

“पाळणा आहे, मॅडम.”

“हेच पाहिजे मला. घरात बाळ राहिलेलं नाही आणि पाळणा आपोआप हलतोय, असा प्रसंग आहे. त्याचं संगीत या करकरीतूनच कर. जमलं तर सगळा सिनेमा तुझा.”

सकाळी महालिंग पाळण्यात निजलेला असताना, लाकडाला चिकटवायचा छोटा माईक कडीजवळ लावून मी आवाज घेतला अन् पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘श्वास ऐकू येतोय. बाळ नको. फक्त पाळणा.’

फक्त पाळणा.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. लेकराला दुखणं येतं म्हणतात. कॉलेजात असते तर मी हसले असते. पण मागच्याच आठवड्यात महालिंगचं अंग तापानं भाजत होतं, तेव्हा ज्यानं जे सांगितलं ते सगळं मी मानलं होतं.

दुपारी माझ्या सासूबाई, भागम्मा (मी त्यांना आत्याबाई म्हणते), बाजाराला गेल्या. हे दुकानावर. सगळी गल्ली बाजारात गेलेली, त्यामुळं बाहेरही शांत. मी महालिंगला अलगद उचलून खाली गोधडीवर निजवलं. पाळण्यावर टांगलेलं चिमण्यांचं खेळणं, चिमणाळं, वाजू नये म्हणून सोडून ठेवलं. हेडफोन लावला, दोरी हातात घेतली.

हात ओढेना.

कानात नुसत्या लाकडाची शांतता होती. महालिंगच्या ओठावर दुधाचा थेंब सुकला होता. एकच झोका, मी मनाला म्हटलं. एका झोक्यानं काय होतंय?

“रुद्रे! दोरी सोड.”

दारात आत्याबाई. हातात भाजीची पिशवी. पाळणा डुलू नये म्हणून मी दोरी हळूच खाली ठेवली.

“हलवला न्हाई, आत्याबाई. शपथ.”

“हलवायलीच होतीस की! लेकरू भुईवर अन् पाळणा मोकळा. कशापायी?”

मी सगळं सांगितलं. प्रसंग काय आहे तेही. त्या महालिंगजवळ बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवून.

“त्या बाईला म्हणावं, तुझ्या घरचा हलव.”

“काम जाईल माझं, आत्याबाई. पुन्हा कोणी विचारणार न्हाई मला.”

त्या तशाच उठून सैपाकघरात गेल्या. रागावल्या, असंच मला वाटलं. महालिंगनं कूस बदलली. तो उठला की संपलंच सगळं.

आत्याबाई परत आल्या त्या पदरात काहीतरी जड घेऊन. वरवंटा! धुतलेला, ओला. तो त्यांनी पुसला, महालिंगची कुंची त्याला घातली अन् पाळण्यात निजवला.

“बारशाला लेकराच्या आधी कोण निजलं होतं यात? ह्योच की. याला ना श्वास, ना रडं. घे तुझा आवाज. पर मोकळा ऱ्हाऊ देऊ नको.”

मी दोरी ओढली. दगडाच्या भारानं कडी अशी काही कण्हली की अंगावर काटा आला. सकाळची किरकीर नव्हती ही. खोलवरून, दात आवळून कुणीतरी सोसत होतं. हेडफोन नसलेल्या आत्याबाई मात्र गालातल्या गालात हसत होत्या. “कसा गप पडलाय बग. लय गुणाचा.”

तोच आवाज मी ताणला, त्याच्याखाली त्याचाच संथ पडसाद घातला, मधे मोठी शांतता सोडली अन् पाठवून दिला.

महालिंग रडत उठला. त्याला पाळण्यात ठेवायला गेले तर आत्याबाईंनी हात धरला. “सबूर. आधी लेकरू आत, मंग वरवंटा भाईर. मधी मोकळा न्हाई पडला पायजे.”

मी लेकराला टेकवलं, त्यांनी बाजूनं दगड ओढला. आमच्या दोघींचे हात एकमेकींत अडकलेले, अन् नेमका फोन वाजायला लागला. वाजू दिला. महालिंग नीट पहुडल्यावरच उचलला.

“पाळण्यात काय ठेवलं होतंस?” मॅडमनी विचारलं.

“वरवंटा. कुंची घालून.”

पलीकडं त्यांनी तो आवाज पुन्हा लावला. आमच्याच कडीचं कण्हणं मला फोनमधून ऐकू आलं.

“ऐकतेयस ना?” त्या सावकाश म्हणाल्या. “पुढचा प्रसंग उद्या पाठवते. आता सगळं तूच करायचं.”

“काय म्हणली?” आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या मांडीवर वरवंटा अजून तसाच होता.

“मिळालं.”

“मंग याची कुंची काढ,” त्यांनी तो माझ्याकडं सरकवला, “चटणी वाटायची हाय.”