खोबरेलात न्हालेला स्टेकिंग सेट

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुम्ही हमखास तोंड वाकडं कराल. मी एक जुना स्टेकिंग सेट आहे. आता हे काय नवीन, असं विचारू नका; तुमच्या आजोबा-पणजोबांच्या मनगटावरची चावीची घड्याळं माझ्याच जिवावर टिकटिकत होती. एक लाकडी पेटी, तिच्यात पोलादाची छोटी कमान, कमानीखाली लहानमोठ्या भोकांची गोल तबकडी आणि ओळीनं उभे असलेले पेन्सिलीसारखे पंच, एवढा माझा संसार. घड्याळाच्या चाकात बारीकसा दांडा बसवायचा, तर तो तबकडीच्या भोकात उभा करतात, कमानीतून पंच खाली सोडतात आणि वर हातोडीची हलकी टिचकी देतात. ऐकायला सोपं आहे हो! टिचकी वाकडी पडली की दांडा मोडलाच म्हणून समजा.

मी बनलो कुठल्याशा थंड मुलखात, पण माझी खरी हयात गेली म्हसळ्याला, गुणाजी घड्याळजींच्या दुकानात. शाळेचे मास्तर, एस.टी.चे कंडक्टर, आखातातून सुट्टीवर आलेले पाहुणे, सगळे तिथं घड्याळं घेऊन यायचे. गुणाजींचा हात लागला की घड्याळ पुन्हा रुसत नाही, असं लोक म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझं, असं मी आपलं मनात धरून चालायचो.

मग सेलची घड्याळं आली आणि त्यांच्या मागोमाग मोबाइल आला. त्यातच गुणाजींचा हात थरथरू लागला. एका सकाळी त्यांनी हातोडी उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत ठेवून दिली. माझी पेटी कपाटावर गेली. खाडीच्या दमट हवेनं माझ्या अंगावर तांबूस ठिपके उठले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी काशीदहून रितेश नावाचे एक गृहस्थ आले. पर्यटकांसाठी त्यांनी घर बांधलं होतं आणि तिथल्या काचेच्या कपाटात, जुन्या कंदिलाशेजारी, त्यांना मी शोभेला हवा होतो. विचार करून सांगतो, म्हणून गुणाजींनी त्यांना परत पाठवलं. लोकांनी नुसतं बघावं म्हणून का मी जन्माला आलो?

त्याच आठवड्यात बोर्ली पंचतनहून दिपाली आली. बाजारात तिचं लहानसं दुकान होतं. सेल बदलायचे, पट्टे लावायचे, एवढंच काम. तिला मात्र बंद पडलेलं घड्याळ उघडून जिवंत करायचं होतं. आणि त्यातही एक घड्याळ खास होतं, तिच्या सासूबाईंचं. कोकिळाबाई बालवाडीत शिकवायच्या. पहिल्या पगारातून घेतलेलं ते घड्याळ फरशीवर पडलं आणि आतला दांडा मोडला. मोठ्या दुकानानं सांगितलं, टाकून द्या. दिपालीनं घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की मी ते चालू करीन. खूप शोधाशोध करून तिला त्या जातीचा एकच दांडा मिळाला होता. तो मोडला असता, तर दुसरा मिळण्याची आशा नव्हती.

गुणाजींनी तिला समोर बसवलं, एक मोडकं घड्याळ दिलं आणि बराच वेळ नुसते तिचे हात बघत राहिले. मग माझी पेटी तिच्यापुढं सरकवली.

"एक ध्यानात ठेव पोरी," ते म्हणाले, "पंच आपल्या वजनानं खाली आला पायजे. दाबाया लागला, तर हातोडी उचलू नको. आणि पयलं घड्याळ चाललं की मला फोन कर."

एस.टी.त दिपालीनं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरी पोचलो तर कोकिळाबाईंनी कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी सून दुकानात गेली आणि बाईंना माझे तांबूस ठिपके दिसले. झालं! त्या घरात डोकं दुखलं तरी खोबरेल, गुडघा दुखला तरी खोबरेल आणि दाराची बिजागरी करकरली तरी खोबरेलच. वाडीतल्या नारळांचं घाण्यावर काढलेलं तेल घेऊन त्यांनी माझा एकेक पंच माखला. कमानीच्या भोकातसुद्धा वातीनं तेल सोडलं. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझे असे लाड कोणी केले नव्हते.

पुढं पौषातली थंडी पडली. एका गार सकाळी दिपालीनं तो एकुलता एक दांडा तबकडीत उभा केला, त्यावर चाक ठेवलं आणि पंच सोडला. कोकिळाबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या, पण लक्ष सगळं माझ्याकडं. पंच अर्ध्यावर येऊन अडकला. दिपालीनं बोटानं किंचित दाबलं. हालला नाही. तिनं हातोडी उचलली. अगं थांब, असं मला ओरडावंसं वाटत होतं, पण पोलादाला कुठलं आलंय तोंड?

हातोडी हवेतच राहिली. मग तिनं ती हळूच खाली ठेवली, पंच वर ओढून काढला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला. पंचावर पांढरं, तुपासारखं काहीतरी थिजलेलं होतं. तिनं वास घेतला आणि सासूबाईंकडं पाहिलं.

कोकिळाबाईंच्या हातातला वाल तसाच राहिला. "मीच लावलं गो," त्या म्हणाल्या. "गंजू नये म्हणून. माझं घड्याळ मीच घालवलं असतं, आणि तुझा शब्दही."

दिपालीला हसूच आलं. काही मोडलेलं नाही आई, म्हणाली, चला, याला आंघोळ घालू. दोघी मला घेऊन अंगणात उन्हाला बसल्या. थोड्याशा पेट्रोलनं दिपालीनं कमान धुतली आणि कोकिळाबाईंनी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं एकेक पंच कोरडा केला. पुसताना त्या माझीच माफी मागत होत्या, आणि मला आपलं हसू येत होतं.

पुन्हा सगळं मांडलं. या वेळी पंच आपल्या वजनानं खाली आला आणि चाकावर अलगद टेकला. दिपालीनं टिचकी दिली, चाक जरासं फिरवलं, पुन्हा टिचकी दिली. दुपारपर्यंत घड्याळ जुळलं. तिनं चावी दिली आणि आतलं चाक डोलायला लागलं. कोकिळाबाईंनी घड्याळ कानाशी धरलं. बराच वेळ काढलंच नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या हत्यारांचं मागणं फार नसतं. आम्हाला कोरडं ठेवा, पुसून ठेवा, लाड करायचेच तर आधी आमच्या माणसाला विचारून करा. पण काचेआड मात्र ठेवू नका. हात लावा, कामाला लावा. काम करताना झिजण्यात आम्हाला सुख आहे.

त्या दुपारी दिपालीनं म्हसळ्याला फोन लावला आणि काही न बोलता मोबाइल सासूबाईंच्या मनगटाशी नेला. पलीकडं गुणाजी खूप वेळ ऐकत होते. मी पेटीतून वाट बघत होतो, आता शाबासकी देतील म्हणून.

"पंच पुसून ठेवलेस ना?" त्यांनी विचारलं.

दिपालीनं तोंड उघडायच्या आत कोकिळाबाई फोनवर वाकल्या.

"मी पुसलेत," त्या म्हणाल्या, "कोरडे."