निवडुंगाची रोवणी

खो-खोच्या शिबिरासाठी आठ दिवस गोंदियाला निघताना खुशीनं आपला डबा आत्याच्या हातात दिला. मिठाईचा उथळ डबा. त्यात वाळू, बारीक खडी, मूठभर पानमाती आणि वर निवडुंगाची एकेचाळीस रोपं. होळीच्या आधी शाळेतल्या लीलाधर सरांनी बी दिलं होतं, मोहरीहून बारीक. पाच महिन्यांत एकेक रोप जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं. निवडुंग असाच वाढतो. बी रुजेपर्यंत डब्याला झाकण लावून ओल टिकवायची. काटे दिसू लागले की झाकण काढायचं, आणि मग माती पुरती वाळल्याशिवाय पाणी दाखवायचं नाही. खुशी हे सगळं शिकली होती.

"आत्या, पाणी नको देजो. मधात एकदा फवारा मारजो, बस."

"नाही देत माय. तू जाय बिनघोर."

आत्या, म्हणजे रुख्मा, नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं भाऊ देवानंदकडे, खुशीच्या बापाकडे, राहत होती. अर्जुनीच्या आसपास भाताच्या रोवणीत तिच्या हाताचं नाव होतं. चिखलात तिनं लावलेली पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, ओळ दोरी न लावता सरळ येई. पण दोन वर्षांपासून कंबर वाकेना. यंदा रोवणीच्या बाया दारावरून गेल्या, तेव्हा कोणी तिला हाकही मारली नाही.

तेव्हापासून भावजय हर्षा नवऱ्याच्या मागे लागली होती. "बाईले नवेगावले धाकट्याकडे पाठवा. मीच काऊन पोसू जन्मभर?"

धाकट्या भावानं, सेवकरामनं, फोनवर सांगून टाकलं होतं, की जागा शेळ्यांच्या पडवीतच मिळेल. देवानंदनं बायकोला एवढंच म्हटलं, "खुशीचा जीव हाय बाईवर. पोरगीच 'बाई नको' म्हणन, तवा पाहू."

हे बोलणं रुख्मानं चुलीजवळ बसून ऐकलं होतं. म्हणून तो डबा ती दिवसातून दहादा पाही.

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. रोपं एकमेकांना खेटून बसलेली, माती ठणठणीत कोरडी.

"हर्षा, हे काऊन वाढून नाही राहिले वं? पाच महिन्यांत आपलं धान घरात येते. पोरगी पाणीच देत नाही त्याईले. कशे दाटून बसले, पाह्य."

हर्षा तांदूळ निवडत होती. खुशीची वही शेजारच्या कोनाड्यात होती. 'पाणी जास्त झालं की रोप सडतं,' असं तिनं पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलं होतं. हर्षानं ते वाचलं होतं. रुख्माला वाचता येत नव्हतं.

"पऱ्ह्यातलं मी तुमाले काय शिकवू, बाई?" हर्षा म्हणाली. "आख्खा तालुका तुमच्या हाताचं नाव घेते."

कितीतरी दिवसांनी कोणी असं बोललं होतं.

रुख्मानं भाताच्या बांधीतून घमेलाभर चिखल आणवला आणि तो परातीत कालवला. पाटावर बसून, दोन बोटांच्या चिमटीत एकेक रोप धरून तिनं एकेचाळीसही उपटली आणि चिखलात ओळीनं लावली. काटे बोटांत गेले. दुपार सरली. शेवटी हर्षानंच लोटाभर पाणी आणून दिलं. "घाला, बाई. पऱ्ह्याच्या पायाशी पाणी नको का?"

दोन दिवसांत रोपं फुगली, हिरवीगार दिसू लागली.

"पाह्य, कशे भरले!"

"मंग? हात कोणाचा?" हर्षा म्हणाली आणि आणखी लोटाभर पाणी ठेवून गेली.

खुशी परतली, तेव्हा रुख्मा परात घेऊन अंगणातच उभी होती. "माय, तुले गंमत दाखवतो. डोये मीट."

खुशीनं डोळे उघडले. ओळी सरळ होत्या. तिनं एका रोपाला बोट लावलं. शिजलेल्या शितासारखं ते बोटाखाली चेपलं आणि आतून पाणी आलं. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. मुळाशी सगळी काळी पडली होती.

"कोणी केलं हे?"

"म्याच, माय. हर्षाबी म्हणली..."

"मी?" हर्षा दारात आली. "मी तं रोज सांगून राहिलो, बाई, पोरीची वस्तू हाय, हात नका लावू. ऐकते कोण?"

रुख्मानं तिच्याकडे पाहिलं. मग हातातली परात खाली ठेवली.

"तुले सांगितलं होतं ना!" खुशी किंचाळली. "एक गोष्ट सांगितली होती तुले! बाया तुले बोलावत नाही ते बराबरच हाय! जाय तू काकाकडे! मले नको इथं!"

देवानंद ओसरीवर हात धूत होता. तो थांबला. बायकोकडे न पाहताच म्हणाला, "सकाळी नवेगावची गाडी किती वाजता हाय?"

"साडेसात," हर्षा लगेच म्हणाली.

सकाळी रुख्माची पिशवी दाराशी ठेवलेली होती. रुख्मानं ती भरली नव्हती. तिला स्टँडवर सोडायला देवानंदनं मोटारसायकल सुरू केली. रुख्मा खुशीजवळ आली. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"माय, मले एवढं सांग. किती पाणी द्या लागते त्याईले? मले खरंच नाही मालूम."

खुशीला सगळं मालूम होतं. तिनं मान वळवली नाही.