निकालापर्यंत दिलेले चाक

पणजोबा विहिरी खणत, आजोबा त्यांवर रहाट बसवत, वडील पंप दुरुस्त करत. तिन्ही पिढ्यांनी पाणी वर काढले. चौथ्या पिढीतला मिस्त्री मात्र पेटंटचा अर्ज वर येण्याची वाट पाहत सहा वर्षे येरझारा घालत होता.

त्याने पायाने चालणारा पंप घडवला होता. पंपाचे चाक थोरल्या बहिणीच्या पायाने चालणाऱ्या शिलाई मशीनचे, खालचे मोठे. "निकाल लागेपर्यंत दे, अक्का," म्हणून नेलेले. तसले जुने चाक पुन्हा बाजारात मिळेना. तेव्हापासून अक्का एका हाताने मशीनचे वरचे छोटे चाक फिरवी आणि दुसऱ्याने कापड सरकवी. थोरल्या बहिणीने दिलेल्या वस्तूला पावती नसते, पण मुदत असते. मिस्त्री ती जाणून होता. तरीही पेटंट कचेरीतले साहेब कधी पंप पाहायला मागतील याचा नेम नाही, म्हणून त्याचा एक स्क्रूही तो कोणाला हलवू देत नसे.

अर्ज प्रसिद्ध होण्यातच दीड वर्ष गेले. मग तपासणीची रांग, मग हरकती, मग उत्तरे. आज सुनावणी. मिस्त्रीने पंप चादरीत गुंडाळून वकीलबाईंच्या कचेरीत आणला.

"हे काय आणलंत?"

"साहेबांना दाखवायला."

"अहो, सुनावणी या पडद्यावर होते. साहेब आकृत्या बघतात. यंत्र कोण मागतंय?"

"कधीच नाही?"

"तुमच्या अर्जात तरी नाही. अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडून टाकलं असतंत तरी चाललं असतं."

सुनावणीभर मिस्त्री खुर्चीत चुळबुळत राहिला. साहेबांनी आणखी एक लेखी खुलासा मागितला.

"आता किती दिवस?"

"सांगता येत नाही."

तो घरी न जाता थेट अक्काकडे गेला आणि पान्हा काढून बसला.

"मिळालं का रे पेटंट?"

"नाही."

"मग चाक कशाला सोडवतोस? निकालापर्यंत दिलंय मी."

"माझ्यापुरता लागला निकाल. पंपाला दुसरं ओतून घेईन."

"हे आधी सुचलं नाही? का तुझी अक्कलही अर्जाबरोबर रांगेत उभी होती?"

मिस्त्रीने मशीनला चाक बसवले, तेल सोडले, नवा पट्टा चढवला. अक्काने चष्मा सारखा केला आणि दोन्ही पाय खालच्या पट्टीवर ठेवले. चाक फिरू लागले. तिचा उजवा हात सवयीने वरच्या छोट्या चाकाकडे गेला, वाटेत थबकला, आणि सावकाश खाली येऊन कापडावर डाव्या हाताशेजारी विसावला.